तांब्याच्या ठोकळ्यावरचा डाग

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना ठोकळा आहे. तळहातावर मावेन एवढाच, शिसवी बैठकीवर बसवलेला. मी एका मोठ्या कामाचा पुरस्कार आहे, असं आज सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

माझा जन्म गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेत झाला. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे कण एकजीव होतात आणि त्यातून ऊर्जा निघते. तशीच ऊर्जा जमिनीवर मिळावी म्हणून तिथली माणसं वर्षानुवर्षं झटत होती. त्यांच्या यंत्राच्या आतल्या भिंतीवर आम्हा ठोकळ्यांची रांग असे. तापलेला वायू भिंतीला शिवला की माझे भाऊबंद सांध्याशी फाटत, आत खेळवलेलं थंड पाणी बाहेर येई आणि प्रयोग बंद पडे. रोहिणी नावाच्या मुलीने सांधा जोडायची नवी रीत शोधली. त्या रीतीने जोडलेला पहिला ठोकळा मी. वायूचा लोळ अंगावर आला, मी काळवंडलो, पण फाटलो नाही. छातीवर एक डाग तेवढा राहिला. मधे काळा, कडेला निळसर.

त्या कामाबद्दल संस्थेने रोहिणीचा गौरव केला आणि पुरस्कार म्हणून मलाच तिच्या हाती दिलं. डागाची निळी कड अजून तपासायची होती. म्हणून प्रयोगशाळेतल्या तिच्या सरांनी बजावलं, "गावी दाखवून आण, पण जपून."

असा मी जामखेडजवळच्या तिच्या गावी आलो. तिच्या आईने, मनकर्णाबाईंनी, कितीतरी हंगाम श्रीरामपूरकडे ऊसतोडीत काढले होते. त्यांचे हात खरखरीत, चिरा पडलेले. पण इतक्या मायेने मला त्याआधी कुणी धरलं नव्हतं. "आई, बक्षीस मिळालं," एवढंच रोहिणीने सांगितलं. मनकर्णाबाईंनी मला पदराने पुसलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोजरबाई डोकावल्या.

"अगं मनकर्णे, एवढी शिकलेली तुझी लेक, आन बक्षीस आसलं जळकं? आमच्या बंबाचं झाकान बरं दिसतंय याच्यापरीस."

"मोठ्या लोकांनी दिलंय ते."

"आसंल बाई. उद्या शाळंत सत्कार हाय, समदं गाव बघनार. म्हनलं सांगावं."

तो शब्द मनकर्णाबाईंच्या जिव्हारी लागला. घट बसायचे दिवस जवळ आले होते. घट बसण्याआधी घरातलं एकही भांडं काळं ठेवायचं नाही, ही त्या घरची रीत. रोहिणी शाळेकडे गेली होती. मनकर्णाबाईंनी तांब्याचा हंडा, कळशी, पळी-पंचपात्र अंगणात काढलं आणि त्यांच्या शेवटी मला ठेवलं. चिंचेचा कोळ, मीठ, राख. मी ओरडलो असतो, पण ठोकळ्याला तोंड कुठलं? काथ्याने घासता घासता त्या पुटपुटत होत्या, "माझ्या लेकीला कुनी नावं ठिवायची न्हाईत."

एवढी आग सोसून मिळालेला डाग पाण्याबरोबर मोरीत गेला.

रोहिणी परतली. "बघ, कसं सोन्यावानी झालंय!" मनकर्णाबाईंनी मला पुढे केलं. रोहिणीने मला उजेडात धरून उलटंपालटं करून पाहिलं. डाग जिथे होता तिथे तिचं नख फिरत राहिलं.

"लई छान झालंय, आई," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

सत्काराच्या वेळी संस्कृती नावाची एक मुलगी उभी राहिली. "ताई, पेपरातल्या फोटूत याच्यावर काळा डाग हुता. त्यो कुठं गेला?"

रोहिणी अडखळली. "प्रयोगात पडला होता तो. आता नाही राहिला."

"मंग दुसरा पाडा की!"

पोरं हसली. पहिल्या रांगेत बसलेल्या मनकर्णाबाई हसल्या नाहीत.

घरी येताच त्यांनी चूल पेटवली, बैठकीवरून मला उपसलं आणि निखाऱ्यांवर ठेवलं. रोहिणी धावत आली. तिने चिमट्याने मला बाहेर ओढलं.

"आई! काय करतीस हे?"

"काळा करते परत. तुमची आग लई मोठी आसंल, पर चुलीला जरा येळ दिला तर..."

"तसा न्हाई पडत तो."

मनकर्णाबाई चुलीपुढेच बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्यो डागच बक्षीस हुता का गं?"

रोहिणीने होकारार्थी मान हलवली.

"मंग काल का न्हाई बोललीस? वरडायचंस तरी माझ्यावर."

"मी आधी सांगितलंच न्हाई तुला. वाटलं, तुला काय कळणार..."

"नसतं कळलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पर घासला नसता."

संस्थेत रोहिणीने खरं ते सांगितलं. कुणी रागावलं नाही. पण निळ्या कडेची तपासणी राहिली ती राहिलीच. आता नवा ठोकळा भिंतीवर बसवून सगळं पुन्हा करायचं आहे, आणि डाग तसाच पडेल याची खात्री कुणी देत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागतो, की तुमच्या वस्तूत जपण्यासारखं काय आहे, ते घरच्या माणसांना सांगत जा. त्यांना काय कळणार, असं मनाशी ठरवून गप्प बसू नका.

मनकर्णाबाई अधूनमधून फोनवर विचारतात, "पडला का गं त्यो डाग?" रोहिणी त्यांना सगळं नीट समजावून सांगते. मी कपाटातून ऐकतो. माझ्यावर आता सांगण्याजोगं काही उरलेलं नाही.