दानम्माच्या मांजरीच्या दाढा

उदगीरच्या त्या गल्लीत मांजरीवर कुणाचाच जीव नव्हता. दानम्माचा तर मुळीच नव्हता. तिनं मांजरी वाचवली ती निव्वळ दिराच्या नाकावर टिच्चून.

लातूर जिल्हा होऊन वर्ष भरत आलं होतं आणि पाऊस त्याच्याही आधीपासून बेपत्ता होता. पाण्याची अशी तंगी, की तोंडाला कोरड पडू नये म्हणून लोक शिव्यासुद्धा आखूड देत. दानम्मा मात्र पूर्ण देई. नवरा गेल्यापासून पिठाची गिरणी ती एकटीच चालवायची. पट्ट्याच्या खडखडाटावरून बोलायची सवय, त्यामुळं तिची कुजबूजही किल्ल्याच्या बुरजावर ऐकू जायची आणि तिथली कबुतरं उडायची. भिंतीला भिंत लागून थोरल्या दिराचं, गुरुपादप्पाचं धान्याचं दुकान. टँकरच्या रांगेचा कारभारही त्याच्याच हाती. दोघांत विस्तव जात नव्हता.

एका सकाळी गुरुपादप्पाच्या दारात लातूरच्या ट्रकमध्ये पोती चढत होती. त्यातलं एक पोतं केकाटलं. दानम्मा पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली.

"भावजी, तुमची ज्वारी कवापासून बोंबलायली?"

"तू तुझं दळण बघ."

तिनं पोत्याची सुतळी दातानं तोडली. आतून एक मांजरी निघाली. हाडांवर कातडं पांघरलेली, तोंडातून लाळेची तार लोंबतेय, लाळेत रक्त, आणि वास असा की ट्रकच्या हमालानं तोंडाला उपरणं लावलं.

"पिसाळलीय ती," गुरुपादप्पा ओरडला.

"मग मारायची हुती की."

"म्या कशाला मारू? म्या जिल्ह्याला पाठवायलोय. कागद चालले, सायेब चालले, हीबी जाईल."

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि गुरुपादप्पा सोन्याची मिशीसुद्धा देणाऱ्यांतला नव्हता. पोत्यात कोंडून वाटेत मेली, तर पाप ड्रायव्हरचं, असा त्याचा हिशेब.

"माझ्या गिरणीसमोर न्हाई चालायचं," दानम्मा म्हणाली. मांजरीनं तिचा हात पंजानं उभा फाडला. "फाड, रांडे, फाड! तरीबी ठेवते तुला."

खरी पंचाईत दुपारी झाली. तिनं वाटीभर पाणी ठेवलं. मांजरी सरपटत आली, एकदाच जीभ लावली, किंकाळी फोडली आणि पंजानं तोंड ओरबाडत जात्यामागं पळाली. दळणाला आलेल्या बायांनी पिठाचे डबे तिथंच टाकले.

"पाण्याला भिली! माय, पाण्याला भिली!"

संध्याकाळपर्यंत गुरुपादप्पानं निकाल लावला. गुरुवारी टँकर येईल तेव्हा मांजरीनं सगळ्यांसमोर पाणी प्यायचं. न्हाई प्याली, तर नगरपालिकेची माणसं काठ्या घेऊन येतील, त्यांना सोन्याच्या मांजराची भीती न्हाई. आणि पिसाळलेलं जनावर पाळणारीची घागर रांगेतनं कायमची बाहेर.

हातात पाच दिवस होते. दानम्मानं मांजरीला पिठाच्या डब्यात घातलं, झाकणाला भोकं पाडली आणि गावाबाहेरच्या गुरांच्या छावणीकडं निघाली. जनावरांचा डॉक्टर तिथंच मुक्कामाला होता. त्यानं जाड हातमोजे घालून मांजरीचा जबडा उघडला आणि मान फिरवली.

"पिसाळलेली नाही बाई. दाढा सडल्यात, हिरड्यांत पू आहे. थंड पाणी लागलं की जीव जातो तिचा. दाढा काढाव्या लागतील."

"मग काढा की."

डॉक्टरनं आपली पकड दाखवली. तिच्यात मांजरीचं अख्खं डोकं बसलं असतं. "ही बैलाची. गुंगीचं इंजेक्शन मी देतो. पण बारीक पकड आणा कुठून तरी."

"आन् ती पिसाळली न्हाई असं कागदावर लिहून द्या."

"छापील कागदात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी एवढेच रकाने आहेत. कोंबडीखाली लिहू का?"

बारीक पकड उदगीरात एकाच माणसाकडं होती. चौकात चादर पसरून, तिच्यावर उपटलेल्या दातांची आरास मांडून बसणारा निजामोद्दीन. अकरा वर्षांपूर्वी त्यानं दानम्माच्या नवऱ्याची चांगली दाढ उपटली होती आणि किडकी ठेवली होती. तेव्हापासून ती चौक टाळून लांबून जायची. आज चादरीच्या कडेवरच डबा आदळला.

"निजामोद्दीन, चुकीचा दात काढायची लई हौस हाय न्हाई का तुला? घे. हिचे सगळेच किडलेत, चुकायची सोयच न्हाई."

निजामोद्दीननं भोकातून आत डोकावलं. आतून आलेला फिस्कार ऐकून तो गुडघ्यावरच मागं सरकला. "तौबा! अक्का, म्या माणसांचे दात काढतो. लोक काय म्हनतील, बिल्ली का डाक्टर?"

"आता काय म्हनतात ते सांगू का चौकात उभी राहून?"

दानम्माचा आवाज चढायला लागला तसा समोरचा चहावाला बाकडं सोडून जवळ आला. निजामोद्दीननं पकड कनवटीला खोचली. "चला, चला. हौ, येतो. हळू बोला."

छावणीत बाजेवर मांजरी आडवी झाली. डॉक्टरनं जबडा धरला, निजामोद्दीननं पकड लावली, दानम्मानं दोघांना शिव्या दिल्या. आठ दाढा निघाल्या. बघणारे सांगतात, त्यातल्या एकीचं मूळ एवढं खोल होतं की ती निघताना मांजरीचं शेपूट आत ओढलं गेलं. पण आठही किडक्याच निघाल्या, यात काही खोटं नाही. निजामोद्दीननं त्या फडक्यात बांधून घेतल्या, चादरीवर मांडायला.

पुढचे दिवस वैताग होता. औषध पाजायला गेलं की मांजरी चावायला धावे, आणि मागं दाढा नाहीत हे आठवून समोरच्या सुळ्यांनी चावे. डॉक्टरनं पातळ खाणं सांगितलं होतं. दानम्मानं ज्वारीची आंबील केली, गाळली, कोमट केली. मांजरीनं वास घेतला आणि पाठ फिरवली. निजामोद्दीनच्या बायकोनं, वहिदानं कोंबडीचा रस्सा पाठवला. गळ्यात लिंग धारण करणाऱ्या घरात तो उंबऱ्याच्या आत येणं शक्यच नव्हतं. म्हणून दानम्मा वाटी बाहेरच्या पायरीवर ठेवी, तोंड फिरवून बसे, आणि मांजरीचे शेवटचे चाटे ऐकू आले की वाटी काठीनं ढकलून देई. पहिल्यांदा ते चाटणं ऐकलं तेव्हा ती बराच वेळ उठलीच नाही.

गुरुपादप्पानं हेही पाहिलं. "आता दारात कोंबडी! उद्या चुलीवर चढंल. भावाचं नाव बुडीवलंस."

"तुमच्या भावाची दाढ दुखायली तवा तुमी लवंगसुद्धा दिली न्हाई. नाव कुठनं काढता?"

गुरुवारी टँकर आला. कारभारी म्हणून पहिली घागर गुरुपादप्पाची. ती काठोकाठ भरून त्यानं आपल्या ओट्यावर ठेवली. मग त्यानं परीक्षेची वाटी आणली. चांगलं पाणी मांजरीवर घालवायला जीव धजावला नाही, म्हणून रांजणाच्या तळाचं हिरवट पाणी ओतलं होतं.

दानम्मानं मांजरी खाली सोडली. सगळी गल्ली घागरी कमरेवर घेऊन उभी. मांजरीनं वाटी हुंगली. मिशा मागं घेतल्या आणि वळली.

"भिली! बगा, भिली!" गुरुपादप्पानं नाचायचंच बाकी ठेवलं. "बोलवा रे माणसं!"

दानम्माच्या तोंडातून शब्द फुटेना. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

मांजरी मात्र गर्दीतून वाट काढत ओट्यावर चढली. मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे दोन पंजे घागरीच्या काठावर ठेवले, आणि गुरुपादप्पाच्या घागरीत तोंड घालून प्यायली. सावकाश प्यायली. टँकरचा ड्रायव्हर बिडी विझवून बघत राहिला. पिऊन झाल्यावर तिनं मिशा पुसल्या आणि दोन थेंब परत घागरीतच झटकले.

मग दानम्माला आवाज सापडला.

"भावजी, पिसाळलीय ना ती?"

गुरुपादप्पानं घागरीकडं बघितलं. पुढचा टँकर आणखी पाच दिवसांनी.

"पिसाळलेल्या जनावराचं उष्टं पाणी," दानम्मा म्हणाली, "घरात न्हेऊ नये. ओता. सगळ्यांसमोर ओता, म्हंजे आमालाबी पटंल."

"ओता की आप्पा," मागून कुणीतरी म्हणालं. मग दुसरं कुणीतरी. ज्या बाया दानम्माची घागर रांगेतनं काढायला तयार झाल्या होत्या, त्याच आता पुढं सरकल्या.

गुरुपादप्पाची मान लाल झाली. त्यानं दोन्ही हातांनी घागर उचलली. ओट्याच्या कडेपर्यंत नेली. क्षणभर वाटलं, ओततोय. मग ती पोटाशी धरून तो वळला, तरातरा घरात गेला आणि दार लाथेनं लावलं. एक थेंब सांडला नाही.

दानम्मानं आपली घागर टँकरच्या नळाखाली सरकवली. मांजरीला उचलायला गेली तर तिनं दुसरा हात फाडला.