गाडीपुढची खोली

रविवारी सकाळी शक्तिमान सुरू झाला, तेव्हा सगळ्यात मोठा धक्का माझ्या नवऱ्याला बसला. इतकी वर्षं त्या ट्रकवर पैसा आणि सुट्ट्या उधळणारा हरेश, आणि इंजिन धडधडल्याबरोबर हाच दोन पावलं मागे सरला. घरामागून काळा धूर उठला आणि अख्ख्या आळीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसला. शेजारची काशीआत्या शिव्या द्यायला म्हणून आली आणि टाळ्या वाजवत उभी राहिली. अंकुशकाकांनी इंजिन बंद केलं, केबिनमधून गुडघा सांभाळत उतरले, हात पुसले आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. मग आम्ही सगळ्यांनीच तिकडे बघितलं.

गाडी बाहेर काढायला वाटच नव्हती. आणि ती भिंत माझी होती.

काही नवरे पत्त्यांत उडवतात, काही बैलगाड्यांच्या शर्यतीत. आमच्याला फौजेच्या भंगाराचं वेड. शक्तिमान हा फौजेने लिलावात काढलेला ट्रक, हरेशला तो तळोज्याच्या एका भंगारवाल्याकडे सापडला. ट्रेलरवर घालून घणसोलीत आणला आणि आमच्या घरामागे, जिथे सासऱ्यांच्या काळात भात झोडायचे, तिथे उतरवला. चाकं नव्हती, काच नव्हती, हौद्यात पिंपळाचं रोप होतं. मी म्हणाले, याची पूजा करायची की याला पाणी घालायचं? हरेश हसला. तो माझ्या बोलण्यावर नेहमीच हसतो, त्यामुळे आमचं भांडण कधी पूर्ण होत नाही.

ट्रक उघडून बसल्यावर साहेबांच्या लक्षात आलं की आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही. मग कोणीतरी अंकुशकाकांचं नाव सांगितलं. काका मूळचे महाडकडचे, फौजेच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ऐरोलीला मुलीकडे, क्रांतीकडे राहायचे. बँकेत आहे ती. स्वच्छ फ्लॅट, लिफ्ट, बाल्कनीत तुळस. दर रविवारी तिथून यायचे, ट्रकखाली सरकायचे आणि संध्याकाळी तेलकट होऊन परत जायचे. चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत.

अशात मी खोल्या बांधायला काढल्या. आमच्या गावठाणात मोकळी जागा ठेवणाऱ्या माणसाला येडा समजतात. सगळी शेती शहरात गेली, हातात उरलं ते घर आणि घराभोवतीची ही जागा. मी घराच्या बाजूच्या बोळात तीन खोल्या उठवल्या, माझ्या नावावर. लग्नानंतर माझं स्वतःचं म्हणावं असं ते पहिलंच. त्यांच्या भाड्यावर आमची लेक अक्षता नर्सिंग शिकतेय. पहिल्या दोन एका कडेला होत्या; शेवटची, कोपऱ्यातली खोली वाटेवरच बांधली तेव्हा मागचा ट्रक कोंडला जाणार, हे न कळायला आम्ही काही आंधळे नव्हतो. मी विचारलंही, "आणि तुजी गाडी?" हरेश नळी धरून ताज्या भिंतीला पाणी मारत होता. म्हणाला, "ती कुठं चालनार हाय लगेच."

प्लास्टर वाळायच्या आत अंकुशकाका आले आणि ती कोपऱ्यातली खोली भाड्याने मागितली. अंधारी, एकच खिडकी, तीही ट्रकच्या तोंडावर. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मुलीशी बिनसलं असणार. मी आळीत दोघीतिघींना तसं सांगूनही टाकलं. पण भाडेकरू म्हणून माणूस लाखात एक. आवाज नाही, तक्रार नाही, भिंतीला एक खिळा नाही.

तर असा तो ट्रक सुरू झाला. त्यात महिनाअखेरीला बेलापूरला जुन्या फौजी गाड्यांच्या हौशी लोकांचा मेळावा होता आणि हरेशने घाईघाईत नाव देऊन टाकलं. कागदपत्रं त्याने कधीच करून ठेवली होती, तेवढी हौस त्याला असते. गाडी काका चालवणार होते, आणि ती त्यांची शेवटचीच खेप ठरणार होती. पुढच्या महिन्यात त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यानंतर असला जड क्लच विसरा.

एका क्रेनवाल्याला आणून जागा दाखवली. तो वरच्या विजेच्या तारांकडे बघून चहा न पिता गेला. हरेश म्हणाला, "गाडी खोलून भाईर नेऊ, तिकडं परत जोडू." काका उठून हात धुवायला गेले. काशीआत्याने दारातून सल्ला दिला, "गो नमिता, त्या गारीतच भारेकरू ठेव." सगळी आळी हसली. मला मुळीच हसू आलं नाही.

शेवटी हरेश त्या शब्दावर आला, ज्याची मी वाट बघत होते. "एक खोली तोडली तर."

"नाय तुटनार," मी म्हणाले. "आनि काका ऱ्हातात तिथं. म्हातारा मानूस, गुडघा दुखतोय. त्याला भाईर काढशील? गाडीसाठी?"

हरेश ट्रकमागे निघून गेला. खरं सांगायचं तर मला काकांची एवढी काळजी नव्हती. मला माझी खोली हवी होती, आणि काका आत होते म्हणून ती सुरक्षित होती. आता त्यांच्याच तोंडून नकार वदवून घ्यावा, म्हणून मी दुपारी डब्यात सुकटीची चटणी आणि भाकरी घेऊन त्यांच्याकडे गेले.

खोली बांधल्यापासून मी तिच्या उंबऱ्याच्या आत गेले नव्हते. एक कॉट, एक स्टोव्ह, एक लोखंडी ट्रंक. फळी नाही, हुक नाही, कपड्यांची दोरीसुद्धा नाही. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेवर भिंतीला टेकवून ठेवलेली. भाडेकरू आले की आठवड्यात खोलीचं म्युझियम करतात. ही तर काल कोणी उतरल्यासारखी होती.

"काका," मी म्हणाले, "हरेशला तुमीच सांगा, मी खोली सोडनार नाय म्हनून."

त्यांनी डबा घेतला, बाजूला ठेवला. "ताई, मी ही खोली सोडायसाठीच घेतली."

मला कळेना. ते कॉटवर बसले, पाय सरळ केला.

"तुमी हितं दुसरा कोन ठेवला असता, बायकापोरांचा. पोरं हितल्या शाळेत गेली असती. मग गाडी तयार झाल्यावर त्याला कोन उठवनार? तुमाला ते जमलं नसतं, अन् मलाबी बघवलं नसतं. म्हनून मीच येऊन बसलो. मला उठवायला नको, मी उठलेलाच हाय."

"मंग भिंत बांधत होतो तवाच का नाय बोललात?"

"बोललो असतो तर बांधली नसती तुमी?"

मी विचार केला. "बांधली असती."

"हां. अन् हरेशभाऊ सोता पानी मारत होते. त्यांना वाटतच नव्हतं गाडी चालंल. ते तोंडानं सांगून पटत नाय, ताई. चालू करूनच दाखवावं लागतं."

मला त्यांचा रागच आला. आळीभर मी त्यांच्या मुलीची बदनामी केली होती, आणि हा माणूस लिफ्टचा फ्लॅट सोडून माझ्या अंधाऱ्या खोलीत भाडं भरून जागा अडवून बसला होता, दुसऱ्या कोणाची अडचण होऊ नये म्हणून. आम्हा दोघा नवराबायकोचा ज्या गाडीवर काडीचा विश्वास नव्हता, तिच्यासाठी. मी डबा तिथेच टाकून बाहेर आले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

संध्याकाळी हरेशला सांगितलं, खोली तोड. पण माझी अट होती. मेळावा झाला की गाडी तुर्भ्याला त्याच्या मित्राच्या गोडाऊनमध्ये ठेवायची, सोमवारी गवंडी लावून खोली पुन्हा बांधायची आणि काकांनी पुन्हा तिथेच राहायचं. हरेश लगेच हो म्हणाला. काका म्हणाले, "बघू." त्यांनी ट्रंक उचलून ट्रकच्या हौद्यात ठेवली.

खोली एका दिवसात पडली, एवढ्या लवकर पडेल असं मला वाटलं नव्हतं. मेळाव्याच्या सकाळी काकांनी गाडी त्या खिंडारातून काढली, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून. आळीतून निघताना लोक गॅलरीत उभे होते. मीही केबिनमध्ये बसले होते, कारण हरेशने हात धरून चढवलं. गाडी पाम बीच रोडला लागली. क्लच दाबताना दर वेळी काकांचा जबडा आवळायचा, आणि तरी मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. बेलापूरला लोकांनी गाडीभोवती फोटो काढले, हरेशने सगळ्यांना सगळं सांगितलं, अर्धं चुकीचं. काका बॉनेटला टेकून चहा पीत राहिले.

परतताना तुर्भ्याकडे वळायचा रस्ता आला. हरेश म्हणाला, गाडी ठेवली की काकांना रिक्षाने ऐरोलीला सोडून येऊ, ट्रंक बरोबर आहेच. तेव्हा मला उमगलं. खोली बांधली तरी काका तिच्यात परत येणार नव्हते. गाडी तुर्भ्याला, तर ते घणसोलीत राहून काय करणार? त्यांना खोली कधी हवीच नव्हती. आणि मला ते जायला नको होते, हे मी सरळच सांगते.

"सरळ घ्या," मी म्हणाले. "घरी."

काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आत लावली तर खोली परत व्हायची नाय, ताई."

"म्हाईत हाय. तुमची ट्रंक आमच्या पुढच्या खोलीत जाईल. अक्षता माळ्यावर झोपेल, तिला काय. क्रांतीला मी फोन करीन, मला तिच्याशी बोलायचंच हाय."

हरेशने शहाण्यासारखा फोन काढला आणि गोडाऊनवाल्या मित्राला नको म्हणून कळवलं.

आळीच्या तोंडाशी काकांनी गाडी थांबवली. डावा पाय हाताने धरून उचलला आणि खाली उतरले. "हरेशभाऊ, आता तुमी बसा," म्हणाले. हरेशने तो ट्रक आयुष्यात कधी चालवला नव्हता. त्याने माझ्या शेजारी बसून तळहात पँटला पुसले आणि स्टिअरिंग धरलं. काका लंगडत पुढे गेले, विटांचे तुकडे पायाने बाजूला सारले आणि जिथे त्यांची कॉट असायची तिथे आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"येऊ द्या," ते दोन्ही हातांनी बोलावत म्हणाले. "घाबरू नका. जागा हाय, येऊ द्या."