चेण्याच्या जीपचा विमा

काशीनाथ पळसुले विमा कंपनीच्या मोटार विभागात होते आणि सारी नोकरी त्यांनी आपटलेल्या गाड्यांचे कागद वाचण्यात घालवली होती. सुखरूप घरी पोचलेल्या गाडीचा कागद त्यांच्या टेबलावर कधी आलाच नाही. त्यामुळे गाडी म्हटली की त्यांना ती आधी उलटलेलीच दिसायची. गिरगाव सोडून मीरा रोडला राहायला आल्यावर रिक्षातसुद्धा ते दांडी घट्ट धरून बसत, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मनोरमाबाई पदराआड हसत.

अशा माणसाच्या मुलीने जीप घ्यायची ठरवली.

रुचिता बावीस वर्षांची. बी.एस्सी. झाल्यावर बँकेच्या परीक्षा द्यायचं सोडून ती जवळच्या चेणे गावात धर्माजी पाटलांच्या नर्सरीत कामाला लागली होती. तिथे धर्माजींची एक जुनी जीप होती, रुचितापेक्षा वयाने मोठी. रोपं, शेणखत, पाण्याची पिंपं, सगळं तिच्यातूनच आवारात इकडचं तिकडे व्हायचं. रुचिता त्याच जीपवर हात बसवून ठाण्याहून लायसन्स घेऊन आली होती. पुढे धर्माजींना दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "माज्या पोरांना मारुती पायजे. ही कोनाला नको हाय. भंगारात घालवत न्हाय मी, तूच घेऊन जा."

रात्री जेवताना रुचिताने विषय काढला. "बाबा, मी धर्माजींची जीप घेतेय. विमा तुम्ही करून द्याल ना?"

काशीनाथांचा घास हातातच राहिला. "कुठल्या सालची?"

"अडुसष्टची."

"वर छप्पर?"

"ताडपत्री आहे."

"दरवाजे?"

"नाहीत."

"मग गाडीत आहे काय?"

"चारही चाकांना जोर आहे. उभा चढ चढते."

"चढते ते ठीक आहे. उतरते कशी?"

मनोरमाबाईंनी लगबगीने आमटी वाढली. तोंडावर नाही म्हणायचं काशीनाथांच्या जिवावर येत होतं, आणि तेवढ्यात त्यांना एक वाट सुचली. कायद्याला लागतो तेवढा, दुसऱ्याच्या नुकसानीपुरता थर्ड पार्टी विमा कुठल्याही गाडीला मिळाला असता. पण फुल इन्शुरन्ससाठी अशा जुन्या गाडीची तपासणी व्हायची, आणि तपासणीला येणार कंपनीचे सर्व्हेअर महिपतराव कदम. शोरूममधून निघालेल्या गाडीतही खोट काढील, असा त्या माणसाचा लौकिक.

"माझ्या घरची गाडी नुसत्या थर्ड पार्टीवर रस्त्यावर येणार नाही," ते म्हणाले. "फुल इन्शुरन्स मिळाला तर घे. नाही मिळाला तर विषय संपला."

"कबूल," रुचिता म्हणाली. ती इतक्या चटकन कबूल झाली की काशीनाथांना उगाच चुकल्यासारखं वाटलं. पण झोप मात्र छान लागली.

महिपतराव आले ते काशीनाथांच्या अपेक्षेबरहुकूम. ठेंगणे, करड्या मिशीचे, हातात छोटी हातोडी. नर्सरीतल्या जीपभोवती दोन फेऱ्या मारून ते थेट खाली घुसले. आतून नुसती ठोकाठोक ऐकू येत होती. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "हँडब्रेक धरत नाही. मागचा दिवा नाही. पुढची काच तडकलीय. पत्रा एका जागी कुजलाय. पळसुले, मी काय लिहू?"

काशीनाथांनी चेहरा शक्य तितका दुःखी केला. पण रुचिता तोंड पाडून उभी नव्हती. तिने विचारलं, "काका, एवढंच ना? हे सगळं केलं तर परत बघाल?"

महिपतरावांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "बघेन की. माझं कामच आहे ते."

त्यानंतर रुचिता रोज काळे हात घेऊन घरी येऊ लागली. हाटकेश भागातला एक मेकॅनिक नर्सरीत येऊन काम करत होता आणि ही त्याच्या बाजूला बसून पाने-पक्कड पुढे करत होती. मनोरमाबाईंनी तिची नखं रॉकेलने साफ करून दिली. काशीनाथ वर्तमानपत्राआडून बघत राहिले.

दुसऱ्या खेपेला महिपतरावांना खोट सापडेना. काच नवी, दिवा लखलखीत, हँडब्रेक ओढल्यावर जीप उतारावरही जागची हलत नव्हती. त्यांनी मिशी चाचपली. "चालवून बघतो."

"काका, ओढ्याकडे नको. तिथे अजून चिखल आहे."

"बाळ, मी मिलिटरीच्या गाड्या तपासल्यात," असं म्हणून ते स्टिअरिंगवर बसले. रुचिता शेजारी बसली, काशीनाथ मागे दोन्ही हातांनी ताडपत्रीचा पाइप धरून. जीप नर्सरीच्या वाटेने झोकात खाली उतरली आणि ओढ्याच्या काठाशी चाकं रुतली. महिपतरावांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं, चिखल उडाला आणि बराचसा त्यांच्याच मिशीवर बसला. त्यांनी आणखी जोरात दाबला. जीप आणखी खाली गेली.

काशीनाथांच्या डोळ्यांपुढे कोरा क्लेम फॉर्म उभा राहिला. अपघाताचं ठिकाण, चेणे. जखमी, तीन.

"काका, आता थांबवा," रुचिता शांतपणे म्हणाली. "जरा इकडे सरकाल?"

ती आधी खाली उतरली. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून तिने चारही चाकांमागे वाकून पाहिलं. एक काठी घेऊन मागचा चिखल किती खोल आहे ते चाचपलं, दोन दगड बाजूला केले. काशीनाथ बघतच राहिले. घरी इस्त्री लावण्याआधी वायर हातभर चाचपून बघणारे ते स्वतः, आणि त्यावरून त्यांना रोज चिडवणारी ही पोर! चिखलात मात्र ती अगदी तसंच करत होती.

मग तिने स्टिअरिंगवर बसून छोटा दांडा ओढला, चारही चाकं इंजिनाला जोडली, रिव्हर्स गिअर टाकला, आणि ॲक्सिलरेटरला जवळजवळ पाय न लावता क्लच सोडला. जीप कण्हली, डुलली आणि मागच्या मागे, म्हशीने डबक्यातून निघावं तशी सावकाश बाहेर आली.

महिपतरावांनी रुमालाने मिशी पुसली. "पळसुले, हे ऑफिसात कळता कामा नये."

काशीनाथांना हसू फुटलं. इतकं, की पाइप सोडून त्यांना पोट धरावं लागलं. मग महिपतरावही हसायला लागले. वर झाडाखाली बसलेल्या धर्माजींनी ओरडून विचारलं, "आरं, गारी बरी हाय ना?"

"गाडी उत्तम आहे!" महिपतरावांनी ओरडून सांगितलं. "चालवणारीही!" आणि तसंच लिहून दिलं.

पण शाखेचे साहेब अडले. "एवढी जुनी जीप, एवढी लहान मुलगी, पहिलीच गाडी. पळसुले, गाडी तुमच्या नावावर करा, मी लगेच सही करतो."

"मला गाडी येत नाही साहेब. सायकलसुद्धा येत नाही."

"कागदावर कोण बघतंय?"

"क्लेम आला की मीच बघतो," काशीनाथ म्हणाले, आणि साहेबांपुढे आवाज चढल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "गाडी तिची आहे, चालवणार ती आहे. इथे कायम आपटलेल्यांचेच कागद येतात. एक तरी न आपटणारी गाडी आपल्या पुस्तकात असू द्या. सर्व्हेअरचा शेरा वाचा."

साहेबांनी शेरा वाचला. महिपत कदमांनी कोणाचं कौतुक केलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सही केली.

पुढच्या रविवारी भाईंदरपलीकडच्या डोंगरी गावात एका बंगल्यावर नारळाची रोपं पोचवायची होती. मनोरमाबाई पुढच्या सीटवर बसल्या, डोक्याला रुमाल बांधून. काशीनाथ मागे रोपांमध्ये. भाईंदरच्या खाडीवरून खारा वारा येत होता, मिठागरं उन्हात चमकत होती, आणि दरवाजा नसल्यामुळे सगळं जरा जास्तच जवळ दिसत होतं.

"रुचिता," मनोरमाबाई मोठ्याने म्हणाल्या, "हे क्लच म्हणजे नेमकं कुठलं गं? मला शिकवशील?"

काशीनाथांनी नारळाच्या झावळ्या बाजूला सारून डोकं पुढे काढलं. "शिकव तिला," ते म्हणाले. "पण आधी लर्निंग लायसन्स."