पाच ओठांची ओहोटी

सुवैलिमचे बोट सांडणीच्या खालच्या ओठावर टेकलेले होते आणि तेथून ते निघण्याचे नाव घेत नव्हते. तपासणी समितीचा हा वृद्ध प्रमुख डोळे मिटून, एखाद्या विहिरीच्या तळाचा कानोसा घ्यावा तसा तो ओठ चाचपत होता. मुतलकच्या सहा सांडण्या रांगेत उभ्या होत्या. पहिलीच्या जबड्यावरची निळी पट्टी नुकतीच सोडलेली; उरलेल्या पाचजणींच्या अजून बांधलेल्या. वाळूवरून वारा गेला. एका सांडणीने ढेकर दिली, आणि तीही त्या शांततेला अपुरी पडली.

"हा ओठ," सुवैलिम शेवटी म्हणाला, "देवानं दिलाय की सुईनं?"

मुतलकचा चेहरा राखेसारखा झाला. सांडणीचा ओठ जितका लोंबता, तितकी ती देखणी; म्हणून सौंदर्यस्पर्धेसाठी त्यात औषध टोचून तो फुगवणारे लबाड आमच्या वाळवंटात आहेत, आणि त्यांचे काय होते हेही सर्वांना ठाऊक आहे. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले जाते. मग त्या घराण्याची डागणी मानेवर असलेले जनावर मैदानात पुन्हा पाऊल टाकू शकत नाही. मुतलकच्या सांडण्यांवरची ती चंद्रकोरीची डागणी त्याच्या आजोबांनी ठरवलेली होती.

"अबू नाहर, काका, शपथ घेतो," तो सुवैलिमला आमच्या रिवाजाप्रमाणे मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाला, "सुई मी माझ्या सदऱ्यालासुद्धा लावत नाही. बटण तुटलं तर तसाच फिरतो."

"मग या पट्ट्या कसल्या?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. उत्सवातला जनावरांचा डॉक्टर मी. पट्टी म्हटली की ती माझीच असणार.

पण माझी पट्टी एकच होती. दोन दिवसांपूर्वी माजावर आलेल्या एका उंटाने दावे तोडून मुतलकच्या शक्रा नावाच्या सांडणीला हनुवटीखाली चावा घेतला होता. मी जखम धुतली, टाके घातले, वर मऊ कापसाची गादी ठेवली आणि नाकपुड्या मोकळ्या सोडून जबड्याभोवती निळी पट्टी गुंडाळली. तिने रवंथ करावा, श्वास घ्यावा आणि माझ्यावर थुंकावे, इतकी सैल. या तिन्ही गोष्टी तिने लगेच करून दाखवल्या. "पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत," असे मी मुतलकला बजावले होते, आणि त्याने अत्यंत गंभीरपणे मान हलवली होती.

"एक डॉक्टरांची," मुतलक खाली बघत म्हणाला. "पाच माझ्या."

"पाच जनावरं जखमी?"

"नाही हो. धडधाकट."

"मग?"

"काका, मी सहांच्या गटात उतरलोय. गटात काय बघता तुम्ही? उंची सारखी, रंग सारखा, चाल सारखी. त्यात एकीचंच तोंड निळं म्हणजे दातांच्या ओळीत एक दात सोन्याचा. घुंगरू एकीला घालतो का आपण? सहांना घालतो. म्हणून सकाळी औषधवाल्याकडून तशाच पट्ट्या आणल्या आणि स्वतःच्या हातानं बांधल्या."

मी कपाळाला हात लावला. मुतलकचा हात मला माहीत होता. त्याने बांधलेला तंबू वादळ निघून गेल्यावरही दोन दिवस ताठ उभा राहतो.

दुसरी पट्टी सुटली, तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येक पट्टी गळून पडली तसा गर्दीतून एक दीर्घ, दुखरा उसासा उठला. आवळून बांधलेल्या जबड्यांपुढे साचलेल्या सुजेने पाचही ओठ असे काही ओथंबले होते, जशी पिकलेल्या फळाच्या भाराने फांदी वाकावी. मी पुष्कळ सौंदर्य पाहिले आहे. ते बहुधा आपल्याला एकटे करून निघून जाते. हे मात्र लाळ गाळत समोर उभे होते. सुवैलिमच्या सहकाऱ्याने तर डोक्यावरचा रुमाल सारखा केला, जणू कोणी थोर स्त्री आत आली असावी.

"अबू दुगैम," शेजारच्या तंबूचा खलफ मुतलकला म्हणाला, "एखादी पट्टी उरली असेल तर मिशीला बांध. दाट होईल."

"तू गप रे! तुझ्या सांडणीला बघून माश्या तोंड फिरवतात."

शेवटी शक्राची पट्टी मी स्वतः सोडली. टाके कोरडे, जखम स्वच्छ आणि ओठ नेहमीसारखाच बारीक. तिने आम्हा सर्वांकडे तुच्छतेने पाहिले आणि रवंथ पुढे चालू ठेवला.

"म्हणजे जखमी आहे तीच तेवढी निरोगी," सुवैलिम म्हणाला. "डॉक्टर, उलगडा करा."

मी पहिलीच्या ओठावर अंगठा दाबून धरला. काढल्यावर तेथे खड्डा तसाच राहिला. "बघा. हे पाणी साचलंय. पट्टी आवळली की पुढचा भाग सुजतो."

"खड्डा खलफच्या उशीतही पडतो. ओठाच्या आत बघणारं यंत्र हवं होतं, पण त्याची गाडी सकाळपासून वाळूत रुतलीय. ती ओढायला उंट गेलाय, तोही परतला नाही."

"मग थांबा. पट्ट्या सुटल्यात, सूज आपोआप उतरेल. सुईनं भरलेला ओठ संध्याकाळपर्यंत उतरायचा नाही."

सुवैलिमने काठी वाळूत रोवली. "थांबतो. उतरला तर निर्दोष. नाही तर भोंग्यावर नाव."

सतरंजी पसरली गेली. कॉफी आली, खजूर आला. आम्ही सांडण्यांसमोर ओळीने बसलो आणि सौंदर्य नाहीसे होण्याची वाट पाहू लागलो. मी त्यांच्या ओठांना अधूनमधून हलके चोळत होतो. असा दिवस माझ्या वाट्याला पूर्वी आला नव्हता, की माणसाची अब्रू त्याच्या वैभवाच्या ऱ्हासावर टांगलेली असावी.

"उतरतोय का?" मुतलकने विचारले.

"उतरतोय."

"देवाचा शुकर आहे." मग तो पुटपुटला, "थोडा हळू नाही का उतरणार?"

"अबू दुगैम, तुला नक्की काय हवंय?"

"उतरायलाच हवा! पण डॉक्टर, ती दुसरी बघा ना. उन्हात कशी चमकतेय."

खलफही टोमणे विसरून पुढे सरकला होता. "तिसरी ऐकत नाही," तो हळव्या आवाजात म्हणाला. "तिला स्वतःलाच आवडलंय."

मुतलक उठून तिसरीपाशी गेला आणि तिच्या कानात बोलू लागला. "बाई, ऐक माझं. आजोबांची डागणी आहे तुझ्या मानेवर. कुरूप हो. माझ्यासाठी. एवढी कुरूप हो, की मला तुझी लाज वाटली पाहिजे." सांडणीने त्याच्या रुमालाचे टोक चघळायला घेतले. त्याने ते सोडवले नाही.

सावल्या लांबल्या. ओहोटीला किनारा उघडा पडत जावा, तसे एकेक ओठ मागे हटले, सुरकुतले, आणि शेवटी आपल्या जुन्या, सामान्य, प्रामाणिक रूपात येऊन थांबले. तिसरीचा सर्वांत शेवटी. सुवैलिम उठला, पाचही ओठ पुन्हा चाचपले आणि काठी उचलली.

"निर्दोष," तो म्हणाला. "उद्या सहाही मैदानात आण. जखमीला आधी पट्टीशिवाय दाखव, मग डॉक्टर पुन्हा बांधतील. आणि तू, मुतलक, कशालाही गाठ मारायची नाही. चपलेलासुद्धा."

मुतलकने त्याच्या खांद्याचे चुंबन घेतले, माझा हात हातात घट्ट धरला आणि तो रडला. मग त्याने त्या पाच साध्यासुध्या चेहऱ्यांकडे पाहिले. त्याचे खांदे खचले. तो धावत सुवैलिमच्या मागे गेला.

"काका, आता मी निर्दोष आहे ना? मग खरं सांगा. दुपारी, पट्ट्या सुटल्या तेव्हा... इतक्या वर्षांत याहून देखणे ओठ तुम्ही कधी पाहिलेत?"

सुवैलिम थांबला. त्याने आपल्या त्या बोटाकडे क्षणभर पाहिले, ते हळूच मुठीत मिटून घेतले, आणि तो तंबूंच्या दिशेने चालू लागला.