लाल पट्ट्यांची लाज

मित्रांनो, मी एक जुने लढाऊ विमान आहे. संग्रहालयात तुम्ही माझ्यासमोर उभे राहता आणि "केवढं शूर विमान!" म्हणता, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होते. का, तेही ऐका.

इंग्लंडमधल्या एका कारखान्यात बायकांनी माझा पत्रा जोडला. त्यांचे नवरे आणि भाऊ दुसऱ्या महायुद्धावर गेले होते. पंखांत बंदुका बसवून मला केंटमधल्या एका गवताळ विमानतळावर पाठवले. तिथे ऑडी नावाचा यॉर्कशायरचा शिपाई माझ्या बंदुका भरत असे. धूळ आणि गारठा आत शिरू नये म्हणून तो प्रत्येक नळीच्या तोंडावर लाल कापडी पट्टी चिकटवी. पहिल्याच गोळीने पट्टी फाटे आणि परतताना उघड्या नळ्यांत वारा घुसून शिट्टी वाजे. ती ऐकून खालचे लोक म्हणत, "आलं बघा, लढून आलं!"

माझा वैमानिक होता ऑब्रे थ्रेल. मिसरूडही धड फुटलेले नव्हते. एकदा शत्रूचे एक विमान आमच्या अगदी पुढ्यात आले. ते आधीच पेटलेले होते. आतला माणूस बाहेर पडायला धडपडत होता. ऑब्रेने बंदुकांच्या बटणावरचे बोट उचलले. आम्ही शिट्टीविनाच परतलो.

ऑडीने माझ्या पट्ट्यांवरून हात फिरवला. "साहेब, पट्ट्या कोऱ्या करकरीत! माझा डिंक वाचवलात की."

ऑब्रेचा सोबती वैमानिक पेरिन चहाचा मग उंचावून ओरडला, "हसू नका रे! पोरगा समुद्राची हवा खायला गेला होता."

सगळे खो खो हसले. ऑब्रेचे कान लाल झाले. तो चहाला गेलाच नाही, माझ्या पंखाखाली बसून गवत उपटत राहिला.

दुसऱ्या दिवशी ढगाआड एकटा होताच त्याने खाली पाण्यावर नेम धरला आणि सगळ्या गोळ्या झाडून टाकल्या. पट्ट्या फाटल्या. मी शिट्टी वाजवू लागले. तो पहिल्यांदाच हसला.

ढगाबाहेर आलो, तर शत्रूचे एक विमान पेरिनच्या पाठी लागलेले. ऑब्रेने बटण दाबले. नळ्यांतून नुसती हवा फुसफुसली. तरी त्याने मला थेट त्या विमानावर घातले. ते घाबरून वळले, पेरिन सुटला. पण वळता वळता शत्रूने सोडलेल्या गोळ्या माझ्या काचेतून आत येऊन ऑब्रेला लागल्या.

ऑब्रेने मला कसेबसे घरी उतरवले. ऑडी धावत पंखावर चढला. "ऐकलंत का रे? आज शिट्टी वाजवत आलेत आपले साहेब!"

"पाण्यात मारल्या, ऑडी," ऑब्रे पुटपुटला. "तुम्ही हसू नये म्हणून."

एवढे बोलून त्याची मान कलली, ती कायमचीच. ऑडी टोपी काढून तसाच बसून राहिला. मागून उतरलेला पेरिन जवळ आला, पण त्याला वर बघवेना.

आता माझ्या शेजारच्या फलकावर ऑब्रेचा त्या दिवशीचा पराक्रम लिहिला आहे. आदल्या दिवशीची दया त्यावर नाही. ती फक्त मी पाहिली, आणि मला वाणी नव्हती. माझ्या कोऱ्या पट्ट्या मात्र सर्वांना दिसल्या.

मित्रांनो, मला पुसून चकचकीत ठेवाच, असे मी म्हणणार नाही. तुमच्यातला एखादा रिकाम्या हाताने परतला, तर त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, "काय झालं रे?" ऑब्रेला कोणी एवढेही विचारले नाही.