भिंतीवरची शेपटं

नोव्होत्नींच्या शिकारीच्या झोपडीत चुलीमागच्या भिंतीवर एकेचाळीस शेपटं खिळ्यांनी ठोकलेली होती. हरणांची नव्हेत, शर्टांची. हरणावर नेम धरून जो चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा सगळ्यांसमोर कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचा, असा तिथला रिवाज. त्यात वशिला नाही, सबब नाही. जुना शिकारसोबती हॅल्व्होर पेडरसन याची एकट्याची चौदा शेपटं होती, आर्लो नोव्होत्नीची सहा. आर्लोच्या बायकोचं, म्हणजे बर्नीचं, एकही नव्हतं.

एकोणसत्तर वर्षांच्या बर्नीने सलग सेहेचाळीस नोव्हेंबर, म्हणजे शिकारीचे मोसम, नवऱ्याबरोबर एकाच मचाणावर काढले होते आणि एकदाही ती चुकली नव्हती. याचा तिला गर्व होता, आणि तो लपवायची तसदी तिने कधी घेतली नाही.

पण जानेवारीत तिच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर स्वतः शिकारी, त्यामुळे त्याने आडपडदा ठेवला नाही.

"शॉटगन विसरा, बर्नीबाई. तिचा धक्का या खांद्याला एकदा जरी बसला, तरी मला तो पुन्हा उघडावा लागेल. हलकी रायफल चालेल."

"आपल्या काउंटीत हरणाला रायफल चालते का?"

"नाही ना," डॉक्टर म्हणाला आणि ओशाळला.

उत्तरेकडच्या दाट जंगलात रायफलला मुभा होती. दक्षिणेकडच्या या सपाट मक्याच्या मुलखात घरं जवळजवळ आणि रायफलची गोळी लांब जाणारी, म्हणून इथे फक्त शॉटगन. ती जाड गोळी फार दूर जात नाही, पण मारणाऱ्याचा खांदा मात्र खिळखिळा करते.

आता योग असा, की त्याच हिवाळ्यात विधिमंडळात एक विधेयक आलं. दक्षिणेतही आखूड काडतुसाच्या, कमी धक्क्याच्या रायफली चालाव्यात आणि बंदुकीच्या परवान्याचे नियमही बदलावेत, असं त्यात होतं. आणि पुढचा योग असा, की या विधेयकाचा चार काउंट्यांतला सगळ्यात कट्टर विरोधक बर्नीच्याच स्वयंपाकघरात बसून तिच्याच हातचे कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, खात होता.

आर्लोचा विरोध हट्टाचा नव्हता. तो एकोणीस वर्षांचा असताना कुणा चोरट्या शिकाऱ्याच्या रायफलची गोळी तीन शेतं ओलांडून त्यांच्या गोठ्याची फळी फोडून आत आली होती. ल्युडमिला नावाची त्यांची सगळ्यात गुणी गाय जागच्या जागी गेली. तिची धार काढत बसलेले वडील वाचले, पण पुढे जन्मभर ते भिंतीकडे पाठ करून बसले नाहीत. तेव्हापासून असं विधेयक आलं की आर्लो धुतलेला शर्ट घालून राजधानीत जायचा आणि ल्युडमिलाची गोष्ट सांगायचा. तीन वेळा सांगितली, आणि तिन्ही वेळा विधेयक पडलं.

म्हणून बर्नी मूग गिळून बसली. तिने मागितलं असतं तर त्याने कदाचित हो म्हटलं असतं, आणि मग रोज सकाळी त्याला ल्युडमिला दिसली असती. तो नाही म्हणाला असता, तर ते तिला सोसलं नसतं. दोन्ही तिला नको होतं. पण मचाण तिला हवं होतं. थंडीत थर्मासची कॉफी, शेजारी आर्लोचा गुडघा, उजाडताना शेताच्या कडेने येणारी पावलं. आणि एक गोष्ट तिला रात्रंदिवस टोचत होती. सेहेचाळीस वर्षं त्या झोपडीत काढून तिचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. चुकणाऱ्यांची नावं भिंतीवर होती. न चुकणारी बाई यायची थांबली की तिची खूणसुद्धा उरणार नव्हती.

फेब्रुवारीभर आर्लो दुपारी गायब व्हायचा. परत यायचा तेव्हा बुटांना चिखल आणि खिशात खडूने माखलेली दोरी. "भाषणाची तयारी करतोय," म्हणायचा. भाषणाला दोरी कशाला लागते, हे तिने विचारलं नाही.

मार्चमधल्या सुनावणीला हॅल्व्होरनेच दोघांना गाडीतून नेलं. आर्लोने लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला बर्नीने घेतलेला निळ्या चौकडीचा शर्ट घातला होता. विधानभवनाच्या दाराशी पहारेकऱ्याने सगळ्यांचे खिशातले चाकू काढून घेतले.

"पन्नास वर्षांत पहिल्यांदाच चाकूशिवाय चालतोय मी," हॅल्व्होर कुरकुरला. "विजार घालायची राहिली असं वाटतंय."

"घातलीयस," बर्नी म्हणाली. "मी बघितलं. चल आता."

समितीची खोली शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्यांनी भरली होती. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. आर्लोचं नाव पुकारलं तेव्हा विरोधकांच्या बाकावरून हॅल्व्होर कुजबुजला, "आता बघ, आपला गडी कसा झोपवतो सगळ्यांना!" बर्नी हातातल्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

"मी या खोलीत तीन वेळा येऊन नाही म्हणालोय," आर्लो म्हणाला. "ल्युडमिलाची गोष्ट तुमच्यापैकी निम्म्यांना पाठ असेल."

"मला आहे," अध्यक्ष ग्रुबरबाई म्हणाल्या. खसखस पिकली.

"ती गोळी जमिनीवर उभं राहून मारली होती, आडवी. ती आडवीच जात राहते, कशाला तरी लागेपर्यंत. पण गेल्या महिन्यात मी आमच्या मचाणावरून दोरी बांधून मोजलं. एकदा नाही, एकवीस वेळा. तीन माणसांएवढ्या उंचीवरून खाली मारलेली गोळी हरणाला लागो न लागो, शंभर पावलांच्या आत मातीत जाते. म्हणून माझं म्हणणं असं. रायफल द्या, पण फक्त मचाणावरून मारायला. आणि परवाना वर्गात बसून, परीक्षा देऊन मिळेल, कितीही जुना शिकारी असो. या दोन अटी घालणार असाल तर माझं हो आहे."

नारिंगी टोप्यांत चुळबुळ झाली. हॅल्व्होरने आ वासला होता.

"एवढा बदल कशाने झाला, नोव्होत्नी?" ग्रुबरबाईंनी विचारलं.

"माझ्या बायकोचा खांदा," आर्लो म्हणाला. "ती मला एका शब्दानेही बोलली नाही, बाई. मागितलं असतं तर मी भांडलो असतो. मागितलं नाही, म्हणून मी दोरी घेऊन मचाणावर चढलो. ते मोजायचं मला तीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. माझा नेम चुकला. आणि आमच्यात चुकणाऱ्याचं काय करतात ते ठरलेलं आहे. कुणाकडे कात्री आहे का?"

बर्नीने तोंडावर हात दाबला. आर्लो भर विधानभवनात विजारीतून शर्ट बाहेर काढत होता. समितीच्या कारकून मुलीने घाबरत घाबरत कागद कापायची कात्री पुढे केली. त्याने ती हातात घेतली, तेवढ्यात मागून हॅल्व्होर गरजला:

"ए! स्वतःचं शेपूट स्वतः कापायचं नसतं! नियम म्हणजे नियम!"

"मग ये की पुढे!"

विरोधकांच्या बाकावरून उठून हॅल्व्होर ताडताड पुढे आला. त्याला राग आला होता हे सगळ्यांना दिसत होतं, पण रिवाजापुढे रागाचं काही चालेना. कात्री बोथट, कापड जाड. तो दात-ओठ खात कापत राहिला आणि खोलीतली माणसं बाक बडवून हसत राहिली. वेळ संपल्याचा लाल दिवा कधीचा लागला होता, पण तो बघायला कुणाला फुरसत नव्हती.

"चांगल्यातला शर्ट होता रे तो!" परतीच्या वाटेवर बर्नी म्हणाली. आपण रडतोय हे तिला तेव्हा कळलं, आणि ती आनंदाने रडत होती.

"अजून आहे की. पुढून कुठे काय झालंय?" आर्लो म्हणाला.

जूनमध्ये विधेयक दोन्ही अटींसह मंजूर झालं. ऑगस्टमध्ये अग्निशमन दलाच्या शेडमध्ये वर्ग भरला. शिकवायला आर्लो, कारण सुरक्षिततेचे वर्ग एकतीस वर्षं तोच घेत होता. बर्नी पहिल्या रांगेत वही उघडून बसली आणि दर पाच मिनिटांनी हात वर करत राहिली. तिला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले.

"दोन कशाचे कापलेस?"

"मास्तरांना उलट बोलल्याचे."

"घरी चल, मग दाखवते उलट बोलणं म्हणजे काय ते."

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी, शिडीवर एकेक पायरी थांबत, ती मचाणावर चढली. हलकी रायफल मांडीवर, थर्मास दोघांच्या मधे, आर्लोचा गुडघा शेजारी. सगळं जागच्या जागी होतं. उजाडल्यावर मक्याच्या खुंटांमधून एक नर आला, रुंद शिंगांचा, सावकाश. बर्नीने श्वास रोखला आणि सेहेचाळीस वर्षांच्या सवयीने नेम त्याच्या पाठीच्या जरासा वर धरला. शॉटगनची जड गोळी वाटेत खाली येते, म्हणून तिथे सगळे तसाच धरतात.

रायफलची गोळी खाली आली नाही. ती सरळ त्याच्या पाठीवरून गेली आणि पलीकडे मातीचा छोटा फवारा उडाला. नराने मान वर करून मचाणाकडे बघितलं आणि मग तो निवांत झाडीत निघून गेला.

आर्लोला तिच्याकडे बघायचा धीर होईना. "खांदा?" त्याने हळूच विचारलं.

"खांदा मजेत आहे," बर्नी म्हणाली. आणि मग ती हसायला लागली. इतकी हसली की मचाण हललं आणि कॉफी सांडली. "चुकले रे! आर्लो, मी चुकले!"

"शंभर पावलांच्या आत," आर्लो म्हणाला. तो त्या मातीकडेच बघत होता. "नव्वदच असतील."

दुपारी झोपडीत हॅल्व्होर कात्रीला धार लावून वाटच बघत होता. सेहेचाळीस वर्षं त्याने या क्षणाची वाट बघितली होती, पण कापताना त्याने अजिबात घाई केली नाही. लाल चौकडीच्या तुकड्यावर त्याने जाड पेनाने अक्षरं काढली: बर्नाडेट नोव्होत्नी. खाली साल. आर्लोच्या निळ्या चौकडीच्या शेजारी जागा होतीच.

"जरा वर ठोक," बर्नीने मागून सांगितलं. "आणि या बाजूला जागा ठेव. पुढच्या वर्षी मी परत येणार आहे."

हॅल्व्होरने खिळा ठोकला. मग कोलाच्यांची परात फिरली आणि पहिला कोलाचा त्यानेच उचलला.