जाळीवाल्याचा शर्ट

कबुतराला शांततेचं प्रतीक ठरवणाऱ्या शहाण्याला एकदा माझ्याबरोबर इमारतीच्या डक्टमध्ये उतरवायला हवं. घोटाभर वाळलेली घाण, पिसं, फुटकी अंडी. खरवडायला लागलं की धुरळा नुसता नाकातोंडात जातो. हे सगळं साफ केल्याशिवाय जाळी ठोकता येत नाही. एकोणीस वर्षं हेच करतोय. अख्ख्या वस्तीच्या गॅलऱ्या मी बंद केल्या, म्हणून लोक मला जाळीवालाच म्हणतात.

आणि दुखणं आलं ते माझ्याच बायकोच्या छातीत.

आधी नुसता कोरडा खोकला होता. मग जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायला लागली. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पाहून सांगितलं, की पक्ष्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसं आकसत चालली आहेत. घराजवळ कबुतरं असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. मला सांगताय? मी खिडक्यांना दुहेरी जाळी मारली. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून वर प्लास्टिक ताणून कडा चिकटपट्टीने बुजवल्या. समोरच्या गच्चीवर दाणे टाकणाऱ्या म्हाताऱ्याशी हमरीतुमरीवर आलो. आता मुंगीलाही वाट उरली नाही, मला तरी बाहेर सोडणार ना, असं म्हणून ही हसली, आणि हसताहसता तिला खोकल्याची उबळ आली.

दोन महिन्यांत तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. मी डॉक्टरीणबाईंपुढे हात जोडले. म्हटलं, घरात पीससुद्धा येत नाही, मग हे वाढतंय कसं? त्यांनी मी काय काम करतो ते विचारलं. मी सांगितलं.

"कामावरचे कपडे कोण धुतं?"



ही धुते. रोज संध्याकाळी मी शर्ट काढून तिच्या हातात देतो. बादलीतलं पाणी गढूळ होऊ नये म्हणून भिजवण्याआधी ती तो खिडकीबाहेर चांगला झटकते. तिच्या टापटिपीचं मला कोण कौतुक! मी खिडक्या बुजवल्यापासून ती तो घरातच झटकत होती.

त्याच दिवशी प्लास्टिक फाडलं, कपडे जाळले, कामाला रामराम ठोकला. पण आकसलेली फुप्फुसं पुन्हा उलगडत नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं.

तिला मी काही लपवलं नाही. दाराच्या चौकटीला धरून सगळं सांगितलं. हल्ली बोलायलाही तिला श्वास साठवावा लागतो.

"अहो, दारात काय उभे? पाठ चोळून द्या जरा."

पाठ चोळली की तिला बरं वाटतं. मी तीनदा अंघोळ केली होती, अंगावर कोरे कपडे होते. तिने पाठ माझ्याकडे वळवली आणि वाट बघत बसली. माझं पाऊल काही उंबऱ्याच्या आत पडेना.